वॉर्ड तीनचे बिनविरोध मेंबर

बाबाराव साटोणे मधुकररावांच्या किराणा दुकानात दिवसातून चार वेळा जात. सकाळी पावभर साखर, दहाच्या सुमारास काडीपेटी, दुपारी मीठ आणि चार वाजता चहापत्तीची पुडी. चारही जिनसा एका खेपेत आणता आल्या असत्या, पण मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं? एकतीस वर्षं रेल्वेत फाटकवाल्याची नोकरी करून ते अल्लीपूरला, आपल्या गावी परतले, त्याला तीन वर्षं झाली होती. बायको निवृत्तीच्या आदल्या वर्षीच वारली होती. मुलगी लग्न होऊन बल्लारपूरला होती. गावात त्यांना लहानपणापासून ओळखणारी जी माणसं होती, त्यातली निम्मी गेली होती आणि उरलेल्यांना ऐकू येत नव्हतं. फाटकावर असताना निदान बावीस गाड्या रोज त्यांच्याकडे पाहत जात. इथं तेवढंही नव्हतं.

म्हणून एका सकाळी साखर तोलता तोलता मधुकरराव चिंतलवार स्वतःहून बोलले, तेव्हा बाबारावांना आधी वाटलं, मागं दुसरं कोणी उभं असेल.

"बाबारावजी, तुमच्याशी काम होतं. पंचायतीचं इलेक्शन लागलं नं, वॉर्ड तीनमधून मी उभा राहून राह्यलो. सूचक पाह्यजे, वॉर्डातलाच. आज फॉर्म भराचा शेवटचा दिवस हाय. हिंगणघाटले येता का संगं?"

"येतो," बाबाराव म्हणाले. "कपडे बदलून येतो."

सूचकानं नेमकं काय करायचं असतं, हे त्यांनी विचारलंच नाही. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं आणि दोन्ही वेळा शेजारी बोलणारा माणूस. तेवढं त्यांना पुरेसं होतं.

हिंगणघाटच्या तहसील कचेरीच्या आवारात त्या दिवशी जत्रा भरली होती. मधुकररावांनी एक अर्जनवीस गाठला. त्यानं कोरा फॉर्म काढला आणि मतदार यादीतला नंबर विचारला. मधुकररावांना आपला नंबर माहीत नव्हता, बाबारावांचाही नाही. ते यादी पाहायला आत धावले. जाताना म्हणाले, "तवरक तुमी सही करून ठेवा."

"कुठं करू?" बाबारावांनी विचारलं.

अर्जनवीस एकाच वेळी चार फॉर्म भरत होता. त्यानं वर न पाहता बोट ठेवलं. बोटाखाली दोन रेघा होत्या. बाबारावांचा चष्मा घरी राहिला होता, पण रेल्वेत त्यांनी एकतीस वर्षं रिकाम्या दिसलेल्या पहिल्या रेघेवर सही केली होती. तशीच इथं केली, वळणदार आणि पूर्ण नावानिशी. मधुकरराव घामाघूम होऊन परतले तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. उरलेल्या रेघेवर त्यांनी सही ठोकली, दोन्ही नंबर सांगितले आणि ते अनामत भरायच्या रांगेत घुसले. अर्जनवीस मोठा नेमाचा माणूस होता. ज्याची सही ज्या जागी, त्याचं नाव त्या जागी. त्यानं तसं लिहिलं आणि फॉर्म आत गेला. पावती मधुकररावांनी न वाचताच खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी छाननी होती. अधिकाऱ्यानं नावं वाचली, "वॉर्ड क्रमांक तीन. एक, चंद्रभान कलोडे. दोन, बाबाराव साटोणे."

मधुकरराव उभे राहिले. "साहेब, माझं नाव?"

"आहे ना. सूचक म्हणून आहे."

"पन साहेब, उमेदवार मी हावो."

अधिकाऱ्यानं फॉर्म उलटसुलट पाहिला. "इथं तर तुम्हीच यांचं नाव सुचवलंय. सही तुमचीच ना? मग झालं तर. फॉर्म वैध आहे."

गावात ही बातमी एसटीच्या आधी पोचली. मधुकरराव तडक बाबारावांच्या घरी आले. दारात उभं राहून त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण बोलावं काय हे त्यांना सुचेना, कारण बाबारावांचा चेहरा पाहुणा आल्याच्या आनंदानं फुलला होता.

"या, या. बसा. चहा घेता न?"

"तुमी हे काय करून ठेवलं, बाबारावजी?"

"चुकलंच माह्यं. चष्मा नव्हता. दूध घालू का बिगर दुधाचा?"

मधुकरराव बसले. दोन घोट घेतल्यावर त्यांचं डोकं चालू झालं. "आता एक करा. फॉर्म मांगं घेऊ नोका. तो चंद्रभान बिनविरोध निवडून येईन, त्याच्यापरीस तुमी बरे. गुरुवारी तीन वाजेपर्यंत मुदत हाय. काई झालं तरी मांगं घेऊ नोका."

चंद्रभान कलोडे दोनदा मेंबर राहिलेला माणूस. तो संध्याकाळी आला, तेही तिघांना घेऊन. बाबारावांच्या घरात कप दोनच होते. ते शेजारी तानाबाईंच्या दारात गेले. तानाबाई विधवा, मुलासुनेजवळ राहतात असं बाबाराव समजून होते. मधल्या भिंतीपलीकडे तीन वर्षं त्यांची भांडी वाजत, पण दोघांचं बोलणं कधी झालं नव्हतं.

"चार कप पाह्यजे होते," बाबाराव म्हणाले. "पाहुणे आले."

तानाबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुमच्याकडं?" असं त्यांनी विचारलं आणि कप आणून दिले.

चंद्रभाननं मुद्द्यालाच हात घातला. "बाबारावजी, तुमी सज्जन मानूस. कायले पडता या लफड्यात? फॉर्म मांगं घेऊन टाका."

घेतोच, असं बाबाराव म्हणणार होते. राजकारणाची त्यांना हौस नव्हती. पण तोंडातून शब्द निघायच्या आत त्यांनी खोलीकडे पाहिलं. चार माणसं त्यांच्या घरात बसली होती आणि चारही त्यांच्याच तोंडाकडे पाहत होती. 'घेतो' म्हटलं की ही उठणार.

"इचार करतो," ते म्हणाले. "उद्या येजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकरराव आले. चंद्रभान येऊन गेल्याचं त्यांना कळलं होतं. "काय म्हनलं तुमी त्याले?"

"अजून काई म्हनलं नाई. इचार करून राह्यलो."

"म्हंजे मांगं घ्याचा इचार हाय?"

"तसंबी नाई." बाबारावांनी दुधाचं भांडं स्टोव्हवर ठेवलं. "माह्या फाटकावर एक खेप म्हैस अडकली होती. पुलगावच्या अलीकडं. सांगू का?"

मधुकररावांना म्हैस नको होती, उत्तर हवं होतं. पण उत्तर म्हशीच्या पलीकडे असेल असं समजून ते ऐकत बसले. संध्याकाळी चंद्रभाननंही ती ऐकली. त्याच्या पुढच्या दिवशी त्यानं ती पुन्हा ऐकली, या खेपेला म्हशीच्या मालकाच्या सासुरवाडीसकट. गल्लीतली रिकामी माणसंही आता ओट्यावर येऊन टेकू लागली. दोन पार्ट्यांचे लोक जिथं रोज येतात तिथं काहीतरी मोठं शिजत असणार, हे कोणीही सांगितलं असतं. बाबाराव साखर आता किलोनं आणू लागले. तीन वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या चार दिवसांत बोलले आणि त्यांचा आवाज बसला. मग ते नुसतेच मान हलवू लागले. त्यानं चंद्रभान फार घाबरला.

"मानूस खोल हाय," तो आपल्या लोकांना म्हणाला. "चार दिवस झाले, पोटातलं व्हटावर येऊ देत नाई. याच्या मांगं कोनीतरी मोठं हाय."

गुरुवारी सकाळी चंद्रभान आणि मधुकरराव हिंगणघाटच्या एसटीत योगायोगानं एका बाकावर आले. चंद्रभानची खात्री झाली होती की आपण पडणार आणि मधुकररावांची खात्री झाली होती की बाबाराव शेवटच्या घटकेला मागं घेणार. दोघंही थकले होते.

"मधुकरराव, खरं सांगा. थे म्हशीची गोस्ट तुमी किती खेप आयकली?"

"पाच," मधुकरराव म्हणाले.

त्यावर दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते हिंगणघाट येईपर्यंत चाललं. मधुकररावांनी गावच्या सोसायटीचं आपलं चेअरमनपद चंद्रभानला सोडायचं आणि चंद्रभाननं वॉर्डातून फॉर्म मागं घ्यायचा, असं ठरलं. अडीच वाजता त्यानं सही केली. तीन वाजता मुदत संपली आणि बाबाराव साटोणे वॉर्ड तीनमधून बिनविरोध निवडून आल्यात जमा झाले.

संध्याकाळी मधुकररावांनी एक हार आणून त्यांच्या गळ्यात घातला. "आता निवांत राहा," ते म्हणाले. "परचार नाई, मतदान नाई, काईच नाई." आणि चहा न घेताच गेले. दुकान उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबारावांनी सकाळीच दूध जास्त घेऊन ठेवलं. दहा वाजले, अकरा वाजले. ओट्यावर कोणी आलं नाही. मतदानच नाही म्हटल्यावर मेंबरकडे कोणाचं काय काम? बाकीच्या वॉर्डांत भोंगे फिरत होते, भिंती रंगत होत्या. गल्लीतली रिकामी माणसं तिकडे गेली होती. वॉर्ड तीनमध्ये मात्र चिडीचूप होतं. दूध नासलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तानाबाईंचे कप घासून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवले. बाई घरात दिसल्या नाहीत.

पूर्वीही घरात कोणी येत नव्हतं, पण तेव्हा त्यांचा कान दाराकडे नसायचा. आता गल्लीतून चप्पल वाजली की ते उठून उभे राहत. चप्पल पुढं निघून जाई. असे तीन आठवडे गेले.

एका दुपारी चप्पल दाराशी थांबली. तानाबाई होत्या. हातात एक कागद होता.

"मेंबरचा दाखला पाह्यजे होता," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "रेशन कारडासाठी. जुनं कारड पोराजवळ हाय."

"पोरगा कुठं हाय?"

"भिलाईले. बायकोले घेऊन गेला. आता दीड वरीस झालं."

दीड वर्ष. पलीकडे वाजणारी भांडी एकाच माणसाची होती आणि त्यांना ती भरल्या घराची वाटत होती.

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. पुरवठा कारकुनानं नमुना करून दिला होता. सदर बाई वरील पत्त्यावर एकट्या राहतात हे मी प्रत्यक्ष पाहणी करून जाणतो, असा मजकूर होता आणि खाली सहीची जागा.

"याच्यात परतेक्ष पाहनी लिवलं हाय," ते म्हणाले. "मी तं पाह्यलं नाई."

"मंग पाहा न. भिंतीपलीकडंच तं हाय."

बाबाराव टोपी घालून निघाले. घर एका खोलीचं होतं. खुंटीवर एक लुगडं, चुलीपाशी एक ताट, एक पाट. त्यांनी सगळीकडे नीट पाहिलं, कारण पाहणी म्हणजे पाहणी. तानाबाईंनी तोवर दुसरा पाट कुठून तरी शोधून काढला, त्यावरची धूळ पदरानं पुसली आणि भाकर-पिठलं वाढलं. मेंबरनं नको म्हटलं नाही. जेवताना पोराबद्दल, सुनेबद्दल, भिलाईच्या हवेबद्दल बोलणं झालं. बहुतेक त्याच बोलल्या आणि बाबाराव ऐकत राहिले. बऱ्याच दिवसांनी कोणाचं तरी ऐकायला त्यांना बरं वाटत होतं.

हात धुऊन त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि सही केली. सहीच्या खाली आणखी एक रिकामी जागा होती. दाखल्याची मुदत.

"हे किती दिवसाची लिहू?"

"कारकून म्हने, मेंबर लिहीन तितकी. लोकं सहा मयने लिहून घेतात, नाई तं मुदत सरली का पुन्हा पाहनी."

बाबारावांनी थोडा विचार केला आणि तिथं लिहिलं, 'आठ दिवस'.

तानाबाई चौथी शिकलेल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. मग घडी करून फडताळात ठेवला आणि त्या चहाचं आधण ठेवायला चुलीकडे वळल्या.