दुसरी नाकपुडी

"मी कुठलीही गोष्ट विचार केल्याशिवाय करत नाही!" शिशुवर्गाच्या बाईंनी सकाळी नवऱ्याला ठणकावलं. त्या बिचाऱ्याने घाईघाईत घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या आणि लोणी खिशात. एरवी बाईंनी सोडून दिलं असतं. पण आज त्यांची मुलाखत होती, मुख्याध्यापिकेच्या पदासाठी! आयुष्यभर चिमुकल्या खुर्च्यांवर बसून गुडघे पार कामातून गेले होते. हे पद हुकलं, तर निवृत्तीपर्यंत त्याच खुर्च्या. दुसरा उमेदवार एकच, सहावीच्या बाई.

मुलाखत छान रंगली. समोर संस्थेचे अध्यक्ष, धिप्पाड, मिशाळ, सर्दीने बेजार. शेजारी दोन सदस्य.

"शिक्षकांना तुम्ही कोणती सवय लावाल?" अध्यक्षांनी विचारलं.

"विचार करून वागण्याची!" बाई म्हणाल्या.

तेवढ्यात अध्यक्षांच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब आला आणि लोंबू लागला.

पुढचं बाईंनी केलं नाही, बाईंच्या हातांनी केलं. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या, एका हाताने अध्यक्षांचं डोकं मागून धरलं, दुसऱ्याने रुमाल नाकाला लावला.

"हं, शिंकर बघू! जोरात!"

अध्यक्षांनी शिंकरलं. खिडकीच्या काचा थरथरल्या.

"आता दुसरी नाकपुडी!"

अध्यक्षांनी दुसरी शिंकरली.

"शहाणं माझं बाळ ते!" बाईंनी त्यांचा गालगुच्चा घेतला. बोटांना दाढीचे खुंट टोचले आणि बाई जाग्या झाल्या.

एक सदस्य छताकडे बघत होते, दुसऱ्यांनी तोंडात रुमाल कोंबला होता. बाईंचे कान तापले. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. पण ती कसली दुभंगते!

बाईंनी मनाशी पक्कं केलं, आता विचार केल्याशिवाय बोटसुद्धा हलवायचं नाही. आणि इथेच घात झाला. बसताना आधी गुडघा वाकवायचा की कंबर? विचार करता करता खुर्ची चुकली आणि बाई जमिनीवर! उठून दाराकडे निघाल्या, तर उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जायला लागला. दारापाशी त्या थबकल्या. ओढायचं की ढकलायचं?

"ढकला बाई," अध्यक्ष मागून हळूच म्हणाले.

बाहेरच्या बाकावर बसून बाईंनी डोळे पुसले. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. दार उघडलं. अध्यक्ष! नाक लालबुंद.

"बाई, एक विचारायचं होतं." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "तुम्ही दुसरी म्हणालात, तर मी दुसरीही शिंकरली हो! संस्थेत माझी काय किंमत राहील? बाहेर कुणाला सांगणार नाही ना?"

'साहेब, मला क्षमा करा,' हे वाक्य बाईंनी मनात नीट जुळवलं, तपासलं आणि तोंड उघडलं.

"नाही हं सांगणार. रडायचं नाही. जा, जागेवर जाऊन बस!"

अध्यक्ष मुकाट्याने आत जाऊन जागेवर बसले.

पद अर्थातच सहावीच्या बाईंना मिळालं. शिशुवर्गाच्या बाई त्यांचं अभिनंदन करायला गेल्या, त्या दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.