पालथं वाडगं आणि फुगता मुनीम

ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा परवानगी घेतल्याशिवाय सुटत नाही, जो नुसत्या शिंकेवरून शिंकणाऱ्याचं वय, व्यवसाय आणि सासुरवाडी सांगू शकतो, ज्याचं नाव ऐकताच गुन्हेगार गुन्ह्याचा बेतच रद्द करतात आणि म्हणूनच ज्याच्या हाती आजवर एकही गुन्हा लागलेला नाही, असा या भूतलावर एकच पुरुष. टोपणनाव गरुड. हे नाव त्याचं त्यानेच ठेवलेलं, आणि वरचं वर्णनही त्याचंच. रोज सकाळी दाढी करताना तो ते आरशाला ऐकवी. आरसा बिचारा जाणार कुठे? ऐकून घेई.

उरलेल्या वेळात गरुड एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. जगाला स्पष्ट दिसावं म्हणून राबणाऱ्या या माणसाचा स्वतःचा चष्मा मात्र रोज हरवायचा आणि रोज त्याच्याच कपाळावर सापडायचा. "पुरावा नेहमी घटनास्थळाच्या जवळपासच असतो," असं म्हणून तो चष्मा नाकावर ओढायचा आणि एक प्रकरण निकाली निघाल्याचं समाधान मानायचा.

त्याच्याबरोबर घरात राहायचा एक बस ड्रायव्हर. हा आला तेव्हा एक ट्रंक, एक उशी आणि एक कुत्रा घेऊन आला. कुत्र्याचं नाव मुनीम, कारण तो कुठेही बसला तरी हिशेब जुळत नसल्यासारखं तोंड करून बसे. घरात खोल्या दोन. एक गरुडाची, एक ड्रायव्हरची, आणि उरलेलं सगळं घर मुनीमचं.

पहिल्याच आठवड्यात प्रश्न आला तो मुनीमच्या संध्याकाळच्या जेवणाचा. ड्रायव्हरच्या पाळ्या बदलत्या, गरुडाच्या दुकानाला सुटायची वेळ ठरलेली नाही. जो आधी येईल त्याने खायला घालायचं, हे ठीक. पण मागून येणाऱ्याला कळावं कसं?

"विचारायचं," ड्रायव्हर म्हणाला.

"छे!" गरुड जवळजवळ दुखावला. "विचारतात ते सामान्य लोक. गुप्तहेर विचारत नाही, पाहतो."

आणि त्याने एक गुप्त संकेत काढला. ज्याने खायला घातलं त्याने मुनीमचं स्टीलचं वाडगं विसळून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पालथं घालायचं. वाडगं पालथं म्हणजे कुत्रा जेवला. वाडगं उताणं म्हणजे कुत्रा उपाशी. ड्रायव्हर दिवसभर "पुढे सरका, पुढे सरका" ओरडून घसा बसवून यायचा. न बोलता काम होतंय म्हटल्यावर त्याने लगेच होकार दिला.

आणि मग मुनीम फुगायला लागला.

फुगायला म्हणजे किती? सोफ्याच्या एका टोकाला तो बसला की दुसऱ्या टोकाला बसलेला ड्रायव्हर हळूहळू घसरत त्याच्याजवळ यायचा. पट्ट्याला नवं भोक पाडलं, मग त्याच्याही पुढे एक. जिना चढताना मुनीम मधल्या पायरीवर बसून असा सुस्कारा टाकायचा की खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू दार उघडून "कोण आलंय?" म्हणून बघायच्या.

कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं आणि काट्याकडे बघून चष्मा पुसला.

"मी दिलेल्या मापानेच खायला घालता ना?"

"मापानेच," दोघं एका सुरात म्हणाले.

"मग कुणीतरी याला जास्तीचं घालतंय. मागच्या पायांवर भार येतोय याच्या. असंच चाललं तर जिना सोडा, याला उंबरठा चढता येणार नाही."

घरी आल्यावर ड्रायव्हरने मुनीमच्या मागच्या पायांवरून हात फिरवला आणि मान वर न करता म्हणाला, "मी तर चोरून काही देत नाही."

"मग काय मी देतो?"

"तसं नाही म्हणालो मी. पण घरात आपण दोघंच आहोत. डेपोजवळ एक खोली रिकामी आहे. हे रविवारपर्यंत थांबलं नाही तर मी आणि मुनीम तिकडे जातो. एकट्याने ठेवला तर निदान कोण काय घालतंय ते तरी कळेल."

ड्रायव्हर गेला असता तर दुसरा कुणी आला असता. पण मुनीम? आरसा सोडला तर गरुडाचे तर्क शेवटपर्यंत ऐकणारा जगात तो एकटाच होता. संध्याकाळी गरुड बोलायला लागला की मुनीम त्याच्या पावलावर हनुवटी टेकवायचा आणि योग्य जागी उसासा सोडायचा. असा श्रोता पुन्हा कुठून आणायचा?

"रविवारपर्यंत गुन्हेगार तुझ्यासमोर उभा करतो," गरुड छाती काढून म्हणाला.

"ऐक तर," ड्रायव्हर म्हणाला, "मला काय वाटतं, रोज तर मीच—"

"थांब! साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. तपास बिघडतो."

ड्रायव्हर गप्प बसला. बसलेला घसा, त्यात गप्प बसायचा हुकूम. त्याला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून गरुड अंगात लांब कोट चढवून फिरू लागला. उकाडा असा होता की कोटातून घाम टपकायचा, पण तपास म्हटला की कोट आलाच. पहिला संशय समोरच्या बेकरीवाल्यावर, कारण मुनीमच्या नाकाला पांढरी पूड लागलेली होती.

"काल संध्याकाळी तुम्ही काय करत होतात?" गरुडाने काउंटरवर वाकून विचारलं.

"पाव विकत होतो. तुम्हीच नेला की."

"कुत्र्यांशी तुमचे संबंध कसे आहेत?"

"गिऱ्हाइकांपेक्षा बरे," बेकरीवाला म्हणाला. "कुत्री कोट घालून येत नाहीत."

घरी येऊन गरुडाने ती पूड भिंगाखाली धरली, वास घेतला, आणि बराच वेळ छताकडे बघत बसला. ती टाल्कम पावडर होती. पाऊलखुणा उमटाव्यात म्हणून आदल्या दिवशी त्यानेच ती स्वयंपाकघरभर पसरली होती.

दुसरा तर्क त्याहून जबर होता. गरुडाने ड्रायव्हरला आंघोळीतून अर्धवट बाहेर बोलावलं.

"मन घट्ट कर. हा मुनीम नव्हेच."

"काय?" ड्रायव्हरच्या कानातून साबणाचा फेस ओघळत होता.

"कोणीतरी आपला बारीक मुनीम पळवून त्याच्या जागी जाडा मुनीम ठेवलाय. हळूहळू. रोज थोडा जास्त जाडा."

"म्हणजे रोज नवा कुत्रा?"

"टोळी मोठी असणार."

ड्रायव्हरने "मुनीम" अशी हाक मारली. कुत्रा आला, त्याच्या ओल्या पायाला चाटून गेला आणि जाता जाता गरुडाच्या कोटाच्या खिशातलं बिस्किट काढून घेऊन गेला. ते बिस्किट गरुडाने आमिष म्हणून ठेवलं होतं. तर्क कोसळला आणि आमिषही गेलं.

या सगळ्या धामधुमीत काकू एकदा वर आल्या होत्या. कंबरेवर हात ठेवून दारातच उभ्या राहिल्या.

"काय रे चष्मेवाल्या, संध्याकाळचं काय आपटता वर? टण्ण करून आवाज येतो. एकदा नाही, दोनदोनदा! डोकं उठतं माझं."

"काकू, इथे जीवनमरणाचा तपास चाललाय. भांड्याकुंड्यांच्या तक्रारी नंतर."

"अरे पण ऐकून तर घे—"

"नंतर, काकू, नंतर."

काकू पुटपुटत खाली गेल्या. पायरीवर मुनीम बसला होता. त्याने त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्या क्षणभर थांबल्या, आणि मग आपल्याला कुणी पाहिलं नाही ना म्हणून वर बघून झटकन आत गेल्या. गरुडाने हेही पाहिलं नाही. चष्मा कपाळावर होता.

शनिवारपर्यंत गरुडाने संशयितांमध्ये डॉक्टरीणबाई (काटा बिघडवला), पोस्टमन (मुनीम त्याच्यावर भुंकत नाही, म्हणजे काहीतरी देणंघेणं असणार) आणि हवामान (दमटपणाने दारं फुगतात, कुत्रे का नाही?) यांचा समावेश केला होता. संध्याकाळी घरी आला तेव्हा ड्रायव्हर घोरत होता, वाडगं उताणं होतं आणि शेजारी मुनीम सात जन्मांचा उपाशी असल्यासारखा बसला होता. 'आजही विसरला,' गरुड मनात म्हणाला. मापाने खाणं घातलं, वाडगं विसळलं, पालथं घातलं आणि मोठ्या मनाने ड्रायव्हरला एका शब्दाने बोलला नाही. असं मोठं मन तो रोजच दाखवायचा. ड्रायव्हरही दाखवायचा. त्या घरात मोठ्या मनाचा नुसता सुकाळ होता.

रविवार उजाडला. ड्रायव्हरची ट्रंक हॉलच्या मधोमध आली, तिच्यावर उशी, उशीवर पट्टा. मुनीम ट्रंकेला टेकून बसला. गरुड आज कोटाशिवाय होता. त्याने मुनीमसाठी जुनं पांघरूण घडी करून दिलं. घडी वाकडी आली, म्हणून मोडून परत केली.

"हे याला आवडतं," तो म्हणाला. "त्याला पायाशी लागतं. आणि बोलत जा त्याच्याशी. काहीही बोललास तरी चालेल, पण शेवटपर्यंत बोल. अर्धवट सोडलेलं त्याला आवडत नाही."

ड्रायव्हर ट्रंकेचं कुलूप उगाच पुन्हा पुन्हा लावून बघत राहिला.

तेवढ्यात काकू वर आल्या. ट्रंक बघून त्यांचा आवाज जरा उतरला.

"निघालास का रे? जा बाबा. पण जाण्याआधी एवढं सांगून जा, रोज संध्याकाळी ते वाडगं का आपटता?"

"कुठलं वाडगं?" ड्रायव्हर म्हणाला.

"या कुत्र्याचं! माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर डोक्यावर आहे तो कोपरा. एक जण येतो, कुत्रं मचमच खातं, नळ वाहतो. माणूस तिथून गेला रे गेला की टण्ण! मग दुसरा येतो. परत मचमच, परत नळ, परत टण्ण!"

"साक्षीदाराने—" गरुडाने बोट वर केलं.

"तू गप्प रे!" ड्रायव्हर ओरडला. इतक्या दिवसांनी घसा मोकळा सुटला होता. "काकू, परत मचमच? दोनदा?"

"दोनदा म्हणजे दोनदा. माझे कान काही म्हातारे झालेले नाहीत."

ड्रायव्हर सावकाश गरुडाकडे वळला. "तू घालतोस याला संध्याकाळी?"

"मग कोण घालणार? तू तर रोज विसरतोस."

"मी विसरतो? मी आधी आलो तरी मीच घालतो, नंतर आलो तरी मीच! तू विसरतोस म्हणून!"

"शक्यच नाही. मी वाडगं पालथं घालतो."

"मीही पालथं घालतो!"

दोघांनी मुनीमकडे पाहिलं. मुनीम खिडकीबाहेर बघू लागला.

मग ड्रायव्हरने वाडगं विसळलं, कोपऱ्यात पालथं घातलं, आणि तिघं पडद्यामागे जाऊन उभे राहिले. पडदा दोघांपुरता होता, त्यामुळे काकूंचा अर्धा भाग बाहेर होता. मुनीमने इकडेतिकडे पाहिलं. डुलत डुलत कोपऱ्यात गेला. वाडग्याच्या कडेखाली नाक घातलं, खाली काही राहिलंय का ते हुंगलं, आणि मानेला एक झटका दिला.

टण्ण!

वाडगं उताणं. आत काही नाही. मुनीम त्याच्याशेजारी बसला आणि त्याने हिशेब न जुळल्याचं ते जगप्रसिद्ध तोंड केलं.

"मला पहिल्यापासून संशय होताच," गरुड पडद्यामागून म्हणाला.

"कुणाचा?"

"आपलाच."

ड्रायव्हर हसायला लागला तो ट्रंकेवर बसूनच हसला. काकूंना हसू आलं नाही.

"एवढे घोड्यासारखे वाढलेले दोघं, आणि एकमेकांना तोंडाने विचारता येत नाही? 'जेवला का रे हा?' चार शब्द! कुत्रं शहाणं आहे या घरातलं."

ट्रंक पुन्हा खोलीत गेली. पट्टा खुंटीला लागला. वाडग्याखाली जाड रबरी चटई आली, काकूंचं डोकं उठायचं थांबलं, आणि गुप्त संकेत रद्द झाला. आता जो मागून येई तो दारातूनच ओरडे, "जेवला का रे हा?" आणि आतून उत्तर येई, "जेवला!" गरुडाला हे फारच सामान्य वाटायचं, पण मुनीम त्याच्या पावलावर हनुवटी ठेवून पडलेला असायचा, तेव्हा तो चालवून घ्यायचा.

मुनीम थोडा उतरला. मग उतरायचा थांबला. आणि मग, डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे बघून पुन्हा चष्मा पुसला.

त्याच संध्याकाळी गरुड दुकानातून येताना जिन्याशी थबकला. चष्मा, कसा कोण जाणे, नाकावर होता. काकूंच्या दाराशी मुनीम उभा, वाडग्यात तोंड खुपसून, मचमच मचमच. वर काकू वाकलेल्या, एका हातात दुधाचं पातेलं, दुसऱ्या हातात पाव. आयुष्यात पहिल्यांदाच गरुडाने कुणालातरी रंगेहाथ पकडलं होतं.

"काकू!"

काकू दचकल्या, पण क्षणभरच. पातेलं पाठीमागे घेत त्या ताठ उभ्या राहिल्या.

"ओरडतोस काय? बिचारा वाडगं तोंडात धरून एवढा जिना उतरून येतो रोज."

"पण काकू, आम्हाला तोंडाने विचारायचं ना, जेवला का म्हणून!"

"विचारायचं काय त्यात?" काकू म्हणाल्या. "मला डोळे आहेत. वाडगं उताणं होतं!"