चूक बोटाची आहे

ताईच्या दातांच्या दवाखान्यातली खुर्ची आठवडाभर रिकामी होती, आणि त्याला कारण तिच्या धाकट्या भावाने बांधलेली वेबसाइट होती. हा भाऊ पोटासाठी वेबसाइट बनवीत असला, तरी वादाच्या व्यासंगामुळे घरात सारे त्याला ‘वकील’ म्हणत. फोनवर वेळ देणे बंद करून सारे काही साइटवर आणावे, हा सल्लाही त्याचाच.

‘वेळ घ्या’ ही कळ ‘सेवा’ या शब्दाखालच्या मेनूत दडलेली होती. संगणकावर माउसचा बाण ‘सेवा’वर नुसता नेला, की मेनू अदबीने खाली उतरे. मोबाइलवर मात्र बाण नाही, बोट; ते टेकले रे टेकले, की मेनूला उतरायची उसंत न देता ‘सेवा’चे पान उघडे आणि त्यावर छापलेले चकचकीत दात पेशंटकडे पाहून हसत बसत.

“माझ्या संगणकावर उघडतो,” वकील म्हणाला.

“पेशंटच्या हातात फोन असतो रे.”

“मग बोट टेकवू नये. जरा वर धरावं.”

“हवेत?”

“चूक बोटाची आहे, ताई. मेनूची नाही.”

सोमवारी वकिलाचीच दाढ ठणकू लागली. दुपारी तो सुजलेला गाल धरून दवाखान्यात पोहोचला, तर ताई दारातच उभी.

“साइटवरून वेळ घेतलीस?”

“सख्ख्या भावानं?”

“नियम तुझाच आहे. आणि मेनू तर चालतो, नाही का?”

दुसरा कोणी असता तर तिथेच शरण गेला असता. वकील बाकावर बसला आणि त्याने फोनच्या काचेपासून केसभर वर बोट धरले. मेनू हलला नाही. बोट थरथरले, टेकले, दात हसले. साइटवर वेळ मिळेना म्हणून विचारायला नुकत्याच आलेल्या एक आजी शेजारून पाहत होत्या.

“माझंही असंच होतं बघ. वाटलं, माझ्याच बोटात खोट आहे.”

“तुमच्याच नाही, आजी. सगळ्यांच्याच.”

एवढे बोलून त्याने लॅपटॉप उघडला आणि एका हाताने गाल सावरीत फोनसाठी नवी व्यवस्था लावून दिली: पहिल्या स्पर्शाला मेनू, दुसऱ्याला पान.

“म्हणजे चूक होती,” ताई म्हणाली.

“मुळीच नाही. ही दुरुस्ती नव्हे, सुधारणा आहे. निर्दोष गोष्टही सुधारता येते.” हा मुद्दा त्याने दाढेच्या प्रत्येक कळेला एक दाखला देत सविस्तर मांडला. ताईने तो शांतपणे ऐकून घेतला. आजी फोनमध्ये डोके घालून बसल्या होत्या.

युक्तिवाद संपवून वकिलाने ‘सेवा’वर बोट ठेवले. मेनू झोकात उघडला. पण आठवडाभर खोळंबलेल्या पेशंटांनी तोवर आजचा दिवस संपवला होता, उद्याचा आणि परवाचाही. आजची शेवटची वेळ आजींनी पटकावली होती.

त्यांना त्याची दया आली. “माझ्या जागी तू जा, बाळा. गाल बघ केवढा झालाय.”

वकिलाने मान ताठ केली. “नको, आजी. मेनू चालत नव्हता म्हणून वशिला लावला, असं ही जन्मभर ऐकवेल.”

आणि ताईच्या डोळ्यांदेखत, बोट नीट टेकवून, त्याने गुरुवारची वेळ घेतली.