बाहेरून थंड

डहाणूच्या बाजारात मासळी ताजी राहावी, म्हणून वरच्या कार्यालयाने नियम केला की प्रत्येक विक्रेतीची बर्फपेटी थंड असली पाहिजे. थंड म्हणजे किती, यावर बैठका होऊनही एकमत झाले नाही. शेवटी तपासनीसाने पेटीला बाहेरून हात लावून काय ते ठरवावे, असे ठरले. झाकण उघडण्याची तरतूद नव्हती, कारण वासाचा भत्ता मंजूर नव्हता.

झाई गावाहून मासळी विकायला येणाऱ्या पुतळीची पेटी लाकडी होती. दुहेरी फळ्या आणि मध्ये ठासलेले भाताचे तूस. पहाटे घातलेला बर्फ संध्याकाळीही आत खडखड वाजायचा. तपासनीस खैरनारसाहेबांनी पेटीवर तळवा ठेवला आणि चेहरा गंभीर केला.

"बाई, ही कोमट आहे."

"कोमटच लागणार, साहेब. थंडी आत हाय. झाकण उघडून बघा, सरंगे कसे कडक हायत!"

"आतलं आमच्या कक्षेत येत नाही. उद्या पेटी थंड लागली नाही, तर ही जागा दुसरीला जाईल."

ती जागा पुतळीच्या सासूने भांडून मिळवलेली. जागा गेली, तर नवरा रामू होडीतून आणतो ती मासळी विकायची कुठे? पुतळीने सरकारी योजनेतली स्टीलची पेटी आणली.

स्टीलचा स्वभाव भारी अगत्याचा. तूस उष्णतेला दारातच अडवून धरायचे. स्टीलने बाजारातली सगळी उष्णता हात धरून बर्फापर्यंत नेली. पेटी बाहेरून अशी गार पडली, की तिलाच घाम फुटला. खैरनारसाहेबांनी दोन्ही तळवे ठेवले, मग गालही टेकवला. पेटी उत्तीर्ण झाली. दुपारपर्यंत बर्फाचे पाणी झाले आणि सरंगे नरम पडले. पुतळीच्या तक्रारीवर शेरा आला : 'पेटी थंड होती. दोष मासळीच्या प्रकृतीचा.'

दुसऱ्या दिवसापासून पुतळीने स्टीलची पेटी पुढे मांडली, नुसत्या बर्फाने भरून. मासळी मागे जुन्या पेटीत, तीही बर्फात. वर गोणपाट, आणि गोणपाटावर स्वतः पुतळी. साहेब खूश, मासळी ताजी, जागा शाबूत.

पण गिऱ्हाईक साहेबापेक्षा हुशार. साहेबांचे बघून तेही कल्ले उलटून बघायचे विसरले आणि पेटीवर हात ठेवू लागले. जिची पेटी जास्त गार, तिच्यापुढे जास्त गर्दी. पुढची पेटी बर्फ गिळत सुटली.

"अगं, थोडा मासळीवर तरी टाक," शेजारची हेतल म्हणाली.

"मासळीला हात कोण लावतंय?" पुतळी म्हणाली, आणि उरलासुरला बर्फही तिने पुढच्या पेटीत ओतला.

गेल्या रविवारी तुम्हीही आला होतात. पेटीवर हात ठेवून 'वा!' म्हणालात आणि घासाघीस न करता सरंगे घेतलेत. रात्रभर घरात कुणाला झोप नव्हती, संडासाबाहेर रांग होती. तरी आज पुन्हा आलात, आणि आल्या आल्या हात पेटीवरच ठेवलात.