जरा ऐका

"या इमारतीत आजवर जो जो माणूस माइकसमोर खोकला असेल, तो माझ्या यादीत सापडेल!" असं जावयाने पहिल्याच दिवशी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

राष्ट्रीय रेडिओ केंद्रात तो नोंदी करायच्या कामावर होता. केंद्रावर झालेल्या आणि होत असलेल्या समस्त कार्यक्रमांची सूची करायची, प्रत्येकापुढे 'चालू' किंवा 'बंद' असं लिहायचं, मग ती छापायची आणि एकेक प्रत प्रत्येक जुन्या निवेदकाच्या घरी पाठवायची. काम सोपं! तळघरातल्या कपाटांत शिरून तो धुळीने माखून घरी यायचा. बायको त्याला दारातच झटकायची.

एका संध्याकाळी त्याने प्रती पाठवायचं सांगितलं आणि झटकता झटकता तिचा हात थांबला.

"अहो, प्रत्येक निवेदकाच्या घरी म्हणजे? बाबांनाही येणार?"

"येणारच. त्यांचा 'जरा ऐका' आहे ना, पान बेचाळीस. बंद."

"बंद?" ती किंचाळली, मग आतल्या खोलीकडे बघून तोंडावर हात ठेवला. "बाबांच्या हातात तसलं काही पडलं ना, तर तुमचं माझं बंद!"

आता इथे थोडं सांगायला हवं. जावयाचे सासरे एके काळी रोज सकाळी सातला 'जरा ऐका' सादर करायचे. अडकलेलं झाकण कसं उघडावं, करकरणाऱ्या दाराचं काय करावं, असला घरगुती सल्ला. मग ते आजारी पडले, इस्पितळात गेले आणि इकडे कार्यक्रम गुंडाळला गेला. लेकीचा जीव तुटला. हे कळलं तर बाबा उठायचेच नाहीत, असं तिने मनाशी धरलं. त्यांना स्वतःच्या घरी आणलं, जुन्या रेडिओचं पोट रिकामं केलं आणि मागच्या कपाटात घड्याळाला जोडलेलं कॅसेटचं यंत्र बसवलं. तेव्हापासून सातच्या ठोक्याला कपाटात 'खट्ट' व्हायचं आणि रेडिओतून सासरे बोलायचे. आगाऊ ध्वनिमुद्रित केलेला भरपूर साठा केंद्राकडे आहे, असं तिने त्यांना सांगितलं होतं. कॅसेटी मूठभरच. करकरणारं दार दर आठवड्याला यायचं. सासरे डोळे मिटून, मान डोलावत ऐकायचे. ते बघून लेकीचे डोळे भरून यायचे.

आणि हे सगळं एका छापील पानाने धुळीला मिळणार होतं!

"एक शब्द तर बदलायचा आहे," बायको म्हणाली. "कोण वाचतंय तुमची यादी?"

ते जावयाला झोंबलं. पण दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने 'बंद' खोडून 'चालू' लिहिलं.

यादी वाचली गेली. तीही साहेबांकडून! साहेबांनी तातडीची बैठक बोलावली.

"आपल्याकडे इतका जुना कार्यक्रम अजून चालू आहे आणि मला कुणी सांगत नाही?"

जावई खुर्चीतून अर्धा उठला. "साहेब, ती नोंद जरा..."

"तुमची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! थांबा तुम्ही." साहेब सकाळच्या पाळीच्या अधिकारी बाईंकडे वळले. "काय हो, सातला हाच लागतो ना?"

सातला तिथे कित्येक वर्षं नुसतं वाद्यवादन लागत होतं. पण हे ठाऊक असायला रेडिओ ऐकावा लागतो, आणि त्या इमारतीत ती खोड कुणालाच नव्हती.

"हो तर!" बाई ठसक्यात म्हणाल्या. "कालचा भाग तर काय रंगला होता!"

"मी गाडीत ऐकला," हिशेबनीस म्हणाले. त्यांच्याकडे गाडी नव्हती.

साहेबांनी लगेच वर कळवलं. वरून शाबासकी आली आणि हुकूम आला: अखंड चालू असलेल्या या कार्यक्रमाचा एक भाग निवेदकाला बोलावून थेट प्रसारित करा!

जावयाची झोपच उडाली. सासरे केंद्रात येणार, कुणीतरी एक वाक्य बोलून जाणार आणि म्हातारा तिथेच कोसळणार! बायको मात्र हरखली होती. "बघा, शेवटी चालू झालाच ना!" म्हणत तिने बाबांचा कोट इस्त्री करून ठेवला. सासऱ्यांनी निरोप ऐकला आणि शांतपणे म्हणाले, "थेट? बरं. येतो."

स्टुडिओत सासरे माइकसमोर बसले. काचेपलीकडे जावई दोन्ही हातांनी टेबल धरून उभा. साहेब आणि बाई मागे फोटोसाठी कुणी कुठे उभं राहायचं यावर वाद घालत होते. लाल दिवा लागला.

"नमस्कार. जरा ऐका," सासरे म्हणाले. "हा कार्यक्रम बंद होऊन बरीच वर्षं झाली. मीच इस्पितळातून पत्र लिहून बंद करायला सांगितलं होतं. माझ्याजवळचं सांगून संपलं होतं."

जावयाने टेबल आणखी घट्ट धरलं.

"पण माझी लेक रोज सकाळी रेडिओमागे माझीच कॅसेट लावते. तो 'खट्ट' मला ऐकू येतो हो! बिजागरीला तेल घाला, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता तेलाच्या बाटलीचीसुद्धा चीड येते. पण ती पोर दारात उभी राहून माझ्याकडे बघत असते. म्हणून मी मान डोलावतो. कुणीतरी तिला सांगा. पण हळू सांगा. फार जीव आहे तिचा."

जावयाने डोळे पुसले. लाल दिवा गेला. आता आपली नोकरीही गेली, हे त्याने ओळखलं.

साहेब हात पुढे करून आत धावले. "अप्रतिम! ती तेलाची युक्ती तर फारच उपयोगी!"

"माझ्या डोळ्यांत पाणीच आलं," बाई म्हणाल्या.

"उद्यापासून रोज थेटच करू या. पहाटे गाडी पाठवतो. जमेल ना या वयात?"

"जमेल!" सासरे एवढ्या जोरात म्हणाले की साहेब दचकले. मग जावयाच्या कानाशी लागून ते हळूच म्हणाले, "जावईबापू, सात वाजता मी घरी नसेन! सुटलो!"

घरचा रेडिओ पोकळ, त्यामुळे बायकोने यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. "काय बोललात बाबा?" ते घरी येताच तिने विचारलं.

"नेहमीचंच," सासरे म्हणाले.

जावयाने सांगायला तोंड उघडलं. हळू कसं सांगायचं ते सुचेना. त्याने पुन्हा मिटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली, सासरे शीळ घालत गेले. जावई त्यांच्या खुर्चीत पाय ताणून बसला. आता यादीतली नोंद खरी, नोकरी शाबूत, सासरे खुशीत! त्याने चहाचा पहिला घोट घेतला आणि कपाटात 'खट्ट' झालं.

"अगं, बाबा तर केंद्रावर गेलेत!"

"माहितीये मला." ती दारात उभी होती. "पण सातला त्यांचा आवाज नसला की घर खायला उठतं हो."

"मग शेजाऱ्यांचा रेडिओ आणू या ना! आत्ता ते खरेखुरे बोलतायत!"

"नको. हेच बरं वाटतं." ती त्याच्याकडे बघू लागली.

जावयाने डोळे मिटले आणि मान डोलावली. करकरणाऱ्या दाराचीच कॅसेट होती. बिजागरीला तेल घाला, सासरे सांगत होते. न्हाणीघराचं दार मागे करकरत होतं. त्याला या घरात आजवर कुणी तेल घातलेलं नव्हतं.