अर्थिंगच्या खड्ड्यातला दगड

दगड पुरायचा की नुसता फडक्यानं पुसायचा, एवढाच काय तो प्रश्न होता. हाफीज मुलाणींनी तो पुसून खिशात टाकला असता, तर पुण्याजवळच्या भुकूमच्या एका सोसायटीतली वीस-पंचवीस शिकलीसवरली माणसं रविवारी सकाळी बर्म्युडावर एका खड्ड्याभोवती उभी राहिली नसती आणि हाफीजभाईंना भर पार्किंगमध्ये आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलावं लागलं नसतं. पण ते पडले वायरमन. "अर्धवट काम आपल्याला चालत न्हाई," हे वाक्य ते तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते. (ऐकवून ऐकवून शेवटी त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.)

दगड दिला लेकीनं. जस्मीन हिंजवडीत नोकरीला, तिथंच जवळ जांब्यात दोघी मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहणारी. एका सुट्टीला घरी आली आणि तिनं अब्बांच्या तळहातावर एक काळा, गुळगुळीत दगड ठेवला. सुपारीहून थोडा मोठा, पण चांगलाच जड.

"अब्बा, हा हेमाटाइट. खिशात ठेवायचा. याने माणसाचे पाय जमिनीवर राहतात."

"माझे पाय जमिनीवर राहिले तर पंखे कोण लावंल गं लोकांचे?"

"चेष्टा नका करू. भीती वाटली, छातीत धडधडलं, की मुठीत धरायचा आणि दहा श्वास सावकाश घ्यायचे. त्याचं वजन हाताला जाणवतं, मग डोक्यातला गोंधळ खाली उतरतो म्हणतात. आमच्या ऑफिसात निम्म्या पोरी कीबोर्डशेजारी ठेवतात. रात्री उशाशी ठेवला तरी चालतो."

"आन् बिघडला तर गॅरंटी?"

"बिघडत नाही. पण आपली सगळी निगेटिव्हिटी तो शोषून घेतो ना, म्हणून महिन्यातून एकदा तीन दिवस मातीत पुरायचा. जवळ थोडं मीठ ठेवायचं. फक्त पाणी लावू नका अब्बा. पाणी याला अजिबात चालत नाही."

हाफीजभाई हसले. पोरगी एवढी शिकली आणि शेवटी दगडाशी येऊन थांबली, असंही म्हणाले. मात्र ती जांब्याला परत गेल्यावर त्यांनी दगड गुपचूप खिशात टाकला. त्याचं कारण कुणाला ठाऊक नव्हतं, निदान त्यांची तरी तशी समजूत होती.

कारण असं, की दिवाळीच्या आधी एका बंगल्याच्या साइटवर ते शिडीवर असताना खाली कुणीतरी मेन स्विच चालू केला होता. जीव वाचला, शिडीसुद्धा वाचली, पण तेव्हापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. थंडी वाजल्यासारखा, चैत्राच्या उन्हातही. वायरमनचा हात थरथरतो हे एकदा गावात झालं, की त्याला कुणी घरचा झिरोचा बल्बदेखील बदलू देणार नाही. म्हणून हाफीजभाईंनी बायकोला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाकडचा चहा त्यांनी "ॲसिडिटी हाय" म्हणून बंद केला. शिडीची कामं "सामान आलं न्हाई" म्हणून पुढे ढकलली. सोसायटीच्या पार्किंगमधला कॅमेरा दोन महिने बंद होता आणि सेक्रेटरी विलास साहेब रोज आठवण करत होते. त्या कॅमेऱ्याचं सामान या घडीला त्यांच्या डिकीत पडलेलं होतं.

घरी तर निराळाच वैताग. मुनीरा हल्ली चहा अर्धाच कप द्यायची. एकदा दिला, दोनदा दिला, रोजचंच झालं. बायकोला विचारायची हिंमत नव्हती (लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती), म्हणून त्यांनी दूधवाल्या हैबतरावाला धरलं. "मापात मारतोस व्हय रं?" म्हणून दारात उभं करून झाडलं आणि वीस वर्षांचा रतीब तोडला. नवा दूधवाला आला. चहा अर्धाच राहिला.

तर दगड. खरं सांगायचं तर त्याचा थोडा गुण येत होता. खिशात हात घालून तो मुठीत दाबला, दहा श्वास घेतले, की बोटं जरा शांत व्हायची. एखादा होल्डर, एखादा सॉकेट निभून जायचं. एवढ्याशा काळ्या तुकड्यावर आपली रोजीरोटी टेकलीय, याची हाफीजभाईंना मनातून लाज वाटायची, आणि तो हरवेल की काय याची भीती तर त्याहून जास्त वाटायची. म्हणून महिना भरला तेव्हा त्यांनी ठरवलं, की कंपनीनं सांगितलंय तसं सर्व्हिसिंग करून टाकायचं. पुरायचा.

आता पुरायला माती पाहिजे. आणि इथंच हाफीजभाईंच्या लक्षात आलं, की ज्या भुकूममध्ये आपण ढेकळं तुडवत लहानाचे मोठे झालो, तिथं ओंजळभर माती उरलेली नाही. घरामागं पेव्हर ब्लॉक. मशिदीच्या बाजूला काँक्रीट. समोरच्या बंगल्यातलं हिरवंगार लॉन हात लावून पाहिलं तर प्लास्टिकचं. शेवटी रस्त्याकडेच्या नर्सरीत गेले आणि एका कुंडीत बोट घालणार, तोच नर्सरीवाला म्हणाला, "काका, ती माती न्हाई. नारळाचा भुसा हाय."

मग एकदम आठवलं. माती आणि मीठ, दोन्ही एका जागी तयार असलेली एक जागा होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं केली होती. सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा! कोळसा, मीठ आणि माती भरून मधे पाइप उभा केलेला, वर झाकण. ती सोसायटी उभी होती तीच मुळी मुलाण्यांच्या विकलेल्या रानावर. त्याच जागी वडील भुईमूग करायचे. विकलेल्या रानापैकी उघडी माती आता त्या झाकणाखाली होती तेवढीच.

गुरुवारी दुपारी पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. कॅमेरा बंद होता. हाफीजभाईंनी झाकण उचललं, पाइपाशेजारी दगड पुरला आणि नकळत त्या मातीवरून एकदा हात फिरवला. तेवढ्यापुरता हात थरथरला नाही. मनात म्हणाले, रविवारी येऊन काढू.

एक गोष्ट मात्र ते विसरले. खड्ड्याशेजारच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात पाटी होती: "उन्हाळ्यात दर शनिवारी दोन बादल्या पाणी घालणे. हाफीज वायरमन." ही पाटी आख्ख्या सोसायटीत फक्त एकच व्यक्ती पाळायची. विलास साहेबांची बायको सुलक्षणा मॅडम. मोबाइलवर रिमाइंडर लावून पाळायची.

रविवारी सकाळी नऊला विलास साहेबांचा फोन आला. "हाफीजभाई, जसे असाल तसे या. अर्थिंगच्या खड्ड्यात काहीतरी सापडलंय."

हाफीजभाई तसेच निघाले. आजच्याच मीटिंगमध्ये त्यांचं सोसायटीचं वर्षाचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरणार होतं. बाकी बरीचशी छोटी कामं तर कधीच नव्या पोरांनी पळवली होती. हे गेलं तर घरी बसायचं.

पार्किंगमध्ये गर्दी जमली होती. झाकण उघडं होतं. पाण्यानं वरची माती बसली होती आणि मधोमध तो काळा दगड उघडा पडला होता. लोखंडाच्या जातीचा, त्यात मीठ, त्यात पाणी. त्याच्याभोवती लालसर पाण्याचं डबकं झालं होतं.

"काल मी बादल्या ओतल्या आणि आज बघते तर रक्तच वर आलेलं हो!" सुलक्षणा मॅडम सांगत होत्या. बहुतेक विसाव्यांदा.

"करणी आहे ही," कुणीतरी मागून म्हणालं. "काळा दगड, मीठ, कोळसा. सगळं आहे."

"कोळसा मीच घातलाय," हाफीजभाई पटकन बोलून गेले.

सगळे वळून त्यांच्याकडे पाहू लागले.

"म्हंजे अर्थिंगला घालावाच लागतो. दहा वर्षांमागं घातलाय," ते म्हणाले आणि कपाळ पुसलं.

"हे बघा," विलास साहेब पुढे झाले. ते सॉफ्टवेअरमध्ये होते, विजेशी त्यांचा संबंध चार्जरपुरता. "आम्ही असल्या गोष्टी मानत नाही. पण हात मात्र कुणी लावू नका. हाफीजभाई, तुम्ही एक्स्पर्ट आहात. हे नेमकं काय आहे?"

आता आली का पंचाईत! माझा दगड म्हणावं, तर पुढचा प्रश्न, तुम्हाला दगड कशाला लागतो? हात थरथरतो म्हणून सांगावं, तर काम गेलं. माहीत नाही म्हणावं, तर करणी करणाऱ्याचा शोध सुरू झाला असता आणि ती शोधाशोध कुणाच्या दारात येऊन थांबली असती, हे कळायला हाफीजभाईंना फार डोकं चालवावं लागलं नाही. तीस वर्षांत अर्थिंगच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले नव्हते.

"अर्थिंगचाच दगड हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे... अर्थिंग मजबूत करतो. नवीन निघालाय. ट्रायलला टाकला हुता."

"पण मग लाल पाणी?"

"लोखंड हाय त्यात. करंट वडून घेतंय न्हवं, म्हून."

हे बोलताना त्यांना स्वतःचीच शिसारी आली. पण गर्दीतून एक समाधानाचा हुंकार निघाला. विलास साहेबांनी मान डोलावली. "इंटरेस्टिंग. जरा बाहेर काढून दाखवता? ग्रुपवर फोटो टाकतो, म्हणजे लोकांची भीती जाईल."

हाफीजभाई खाली बसले. एकदा का दगड मुठीत आला की हात शांत होणार, मग खिशात सरकवू आणि नवीन आणतो म्हणून सटकू, असा त्यांचा बेत. त्यांनी हात घातला, दगड उचलला आणि वर धरला.

हात असा थरथरला की विचारू नका. आजवर कधी थरथरला नव्हता इतका. पंचवीस माणसं बघत होती, आठ मोबाइल रोखलेले होते आणि त्या हातातून लाल पाणी टपटप गळत होतं. हाफीजभाईंनी दाबला, दहा श्वास घेतले, अकरावाही घेतला. काही उपयोग झाला नाही. झालं, संपलं, असं त्यांच्या मनात आलं. सहा महिने लपवलेलं भर पार्किंगमध्ये उघडं पडलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"अगं बाई!" सुलक्षणा मॅडम दोन पावलं मागं सरकल्या. "किती करंट आहे बघा त्यात! यांचा हात कसा हलवतोय!"

"ठेवा! परत ठेवा!" विलास साहेब ओरडले. "हाफीजभाई, सोडा तो आधी!"

हाफीजभाईंनी सोडला.

"एवढा करंट अंगावर घेतला या माणसानं आपल्यासाठी," कुणीतरी म्हणालं. मागं दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मीटिंग तिथल्या तिथं उरकली. वर्षाचं काम हाफीजभाईंनाच द्यायचं ठरलं, एकमतानं. फक्त दगड आता कुणी काढायचा नाही. लहान मुलं खेळतात, म्हणून त्यावर सिमेंटच ओतायचं. दुपारपर्यंत ओतूनही झालं. हाफीजभाई शेजारी उभे राहून बघत होते. वडिलांच्या रानातली तेवढी मातीही बुजली.

"आणि उद्या तो कॅमेरा तेवढा," विलास साहेब जाताजाता म्हणाले. "शिडी आपल्याकडे आहे."

घरी येऊन हाफीजभाई चपला न काढताच ओट्यावर बसले. काम टिकलं होतं, पण ते करायचं कसं? दगड गेला होता. आणि खरं म्हणजे ऐन वेळेला त्यानं काही केलंच नव्हतं, हे जास्त लागलं होतं. मुनीरा बाहेर आली आणि नुसती बघत राहिली. मग त्यांना राहवलं नाही.

"मुनीरा, माझा हात थरथरतोय गं. दिवाळीपासनं."

"मला ठावं हाय," मुनीरा म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? जस्मीनला दगड आणाय मीच लावला. तूच दे म्हणलं तिला, मी दिला तर तुमी घेतला नसता."

हाफीजभाईंनी आता कुठं चपला काढल्या. सहा महिने ज्या गोष्टीसाठी ते रात्रीचे तळमळत होते, ती शेजारच्या उशीला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

"आन् चहा अर्धा का देते असं वाटलं तुमाला?" मुनीरा म्हणाली. "भरून दिला तर सांडंल आन् तुमाला वाईट वाटंल, म्हून. त्या हैबतरावाला उगा बोललात. उद्या जाऊन माफी मागा त्याची. आन् कॅमेऱ्याला जाताना मला सांगा, मी येते शिडी धराया. खाली मेनपाशी बी मीच उभी ऱ्हाते. बघू कोण हात लावतंय ते."

छातीवरचं ओझं उतरलं म्हणजे काय होतं, ते हाफीजभाईंना त्या दिवशी कळलं. एकदम मोकळं वाटलं, अंगात बळ आल्यासारखं वाटलं. उजवा हात समोर धरून पाहिला. जवळजवळ स्थिर होता!

"आता लपवायचं काय ऱ्हायलं?" ते म्हणाले. "आण चहा. काठोकाठ भरून आण."

मुनीरानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आत गेली आणि खरंच काठोकाठ भरून कप आणला. हाफीजभाईंनी तो ऐटीत उचलला आणि ओठांपर्यंत नेला. निम्मा सदऱ्यावर, उरलेला मांडीवर.

मुनीरानं रिकामा कप काढून घेतला. तिच्या पदराआड दुसरा कप तयारच होता. अर्धा.