सहावा हिस्सा

सुनेने भिंतीवरचा पॅन खाली काढला तेव्हा घरातली तीन माणसं एकदम गप्प झाली. चौथं माणूस म्हणजे अप्पा. ते आधीपासूनच गप्प होते.

"वहिनी, तो नको," नणंद म्हणाली.

"का? गळतो?"

"गळत नाही. आईचा आहे."

पॅन लोखंडी होता, जाड बुडाचा, आणि इतका जड की तो उचलण्याआधी माणसाने जेवून घ्यावं. सासूबाई गेल्या तेव्हापासून तो खिळ्याला टांगलेला होता. त्याच्यावर धूळ बसत नसे. ती का बसत नाही हे कोणी विचारत नसे आणि कोणी तो पुसतही नसे. सुनेची आणि सासूबाईंची भेट लग्न ठरताना एकदाच झाली होती, तीही उभ्या उभ्या. बाकी सासू तिने फोटोतच पाहिली. फोटोतल्या सासूबाई समोरच्याकडे 'मीठ कमी पडलंय' अशा नजरेने बघत असत.

सुनेला भुताखेतांशी काही देणंघेणं नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. दिसतं ते आणि दिसत नाही ते, यांतला फरक तिच्या रोजच्या कामाचा होता. तिला काळजी होती अप्पांची. बायको गेल्यापासून अप्पा रात्री चहात टोस्ट बुडवत आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत. टोस्ट विरघळून जाई. अप्पा त्यालाच जेवण म्हणत. पट्ट्याला नवी भोकं पाडायला आता जागा उरली नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रात्रीचं जेवण सुरू झालं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल. सुनेने सगळं करून पाहिलं होतं. आता पॅन तेवढा राहिला होता.

ती कांदे चिरायला बसली. बाहेर अशी थंडी पडली होती की खिडकीच्या काचेवर बोटाने नाव लिहिलं तर ते थोड्या वेळाने गोठलं असतं. बटाट्याच्या जाड चकत्या, गाजराचे तुकडे, भिजवलेले वाटाणे, कोबी आणि सगळ्यात वर लोणी लावलेले पावाचे तुकडे, असे थर तिने लावले. झाकण ठेवून मंद आचेवर ठेवलं की काम संपलं. थंडीत माणसाला हेच लागतं. एकच भांडं, भरपूर वाफ आणि घासायला कमी.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या अप्पांच्या थोरल्या बहीण. घरातली अदृश्य खाती त्या सांभाळत. त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"काय वास सुटलाय गं! अगदी तिच्या हातचा."

"आत्या, मी अजून गॅस पेटवलेला नाही."

आत्याबाईंनी डोळे उघडले, पॅनकडे पाहिलं आणि एकोणतीसचा पाढा म्हणत बाहेरच्या खोलीत गेल्या. भीती वाटली की त्या एकोणतीसचा पाढा म्हणत. त्यांचं म्हणणं, या पाढ्यापुढे कुठलंही भूत टिकत नाही.

सासूबाई होत्या तोवर या घरात जेवण ताटात वाढत नसत. पॅन गोल टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि ज्याने त्याने आपल्या हिश्श्यातून खायचं. अप्पांनी नोकरीची सगळी वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात काढली होती, त्यामुळे पॅनचीही रीतसर मोजणी झालेली होती. काठावर कानशीने खुणा पाडल्या होत्या. त्या खुणांवरून डावाने रेघा मारायच्या की हद्दी कायम. शेजाऱ्याच्या हद्दीतला वाटाणा उचलणं म्हणजे अतिक्रमण. त्यावरून नवरा आणि नणंद लहानपणी आठवडाभर अबोला धरत.

खुणा पूर्वी पाच होत्या. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी अप्पांना बसवून नव्याने मोजणी करवून घेतली आणि सुनेचा हिस्सा आधीच काढून ठेवला. मग लग्नाच्या तोंडावर त्या गेल्या. आता माणसं पाच होती आणि खुणा सहा.

सून डाव हातात घेऊन थबकली. "पाच करू का?"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. मग अप्पा बोलले. त्या आठवड्यातलं त्यांचं ते पहिलं वाक्य होतं.

"झालेली मोजणी बदलता येत नाही."

तिने सहा हिस्से केले. अप्पांच्या उजव्या हाताला सासूबाईंची रिकामी खुर्ची होती. ती कोणी हलवलेली नव्हती. तिच्या पलीकडे सून, मग नवरा, मग नणंद, आणि आत्याबाई अप्पांच्या डाव्या हाताला. सगळ्यांनी चमचे उचलले. अप्पांनी नाही. ते आपल्या हिश्श्याकडे टोस्टसारखं बघत राहिले.

आणि दिवे गेले.

"कोणी हलू नका," नवरा म्हणाला. असं म्हणून तो स्वतः खुर्चीसकट मागे सरकला.

"मी मेणबत्ती आणते," म्हणत सून चाचपडत स्वयंपाकघरात गेली. तिला काड्यापेटी सापडली, मेणबत्ती सापडली नाही. मग मेणबत्ती सापडली, तर काड्यापेटी कुठे ठेवली ते आठवेना. मागून अंधारात चमच्यांचे आवाज येत होते. खर्र. खर्र. एक आवाज जरा घाईत होता. एवढ्यात दिवे आले.

ती परत आली तेव्हा चौघेही पॅनमध्ये बघत होते. अप्पांचा हिस्सा तसाच होता, चमचा न लागलेला. सुनेचाही तसाच होता. सासूबाईंचा हिस्सा साफ होता. हद्दीवर रेघेत मांडलेले गाजराचे तुकडे तेवढे उरले होते.

"आई गाजर असंच बाजूला काढायची," नणंद पुटपुटली.

"एकोणतीस एके एकोणतीस," आत्याबाई म्हणाल्या.

"थांबा, थांबा. याला शास्त्रीय कारण असणार." नवरा फ्रिज दुरुस्त करायचा, म्हणून गार होणाऱ्या सगळ्या वस्तूंवर आपला अधिकार आहे असं त्याला वाटे. "गरम पदार्थ गार होताना आकसतो."

"दादा, आकसून नाहीसा होतो?"

"थंडी फार असली तर..."

"आणि गाजर आकसत नाही?"

"गाजराची प्रत चांगली असेल."

"तूच खाल्लंस! लहानपणापासून तुझी नजर आईच्या पावावर!"

"मी? तुझ्या हनुवटीला लोणी लागलंय ते बघ आधी!"

"ते माझ्या हिश्श्यातलं आहे!"

"भांडू नका रे," आत्याबाई कुजबुजल्या. "तिला भांडण आवडायचं नाही. खुर्चीकडे बघून बोला. सॉरी म्हणा."

नवरा खुर्चीला सॉरी म्हणाला. खुर्चीने काही उत्तर दिलं नाही, पण पूर्वीही सॉरी म्हटल्यावर त्या बाजूने लगेच उत्तर येत नसे, त्यामुळे कोणाला धीर आला नाही.

अप्पांवर कोणी संशय घेतला नाही. जो माणूस स्वतःच्या हिश्श्याला शिवत नाही, तो दुसऱ्याच्या कशाला शिवेल?

"खात्री करून घेऊ," नणंद म्हणाली. "परत वाढायचं, परत दिवा घालवायचा. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे. मग कळेल."

"काय कळेल?" नवऱ्याने विचारलं.

"आपण आहोत की ती."

"आणि ती असली तर?"

यावर कोणी विचार केलेला नव्हता. पण सुनेने एव्हाना आपला हिस्सा डावाने उचलून सासूबाईंच्या हद्दीत सारला होता, गाजरासकट. सुनेने स्वतःच्या तोंडचा घास सासूला दिल्याचं पाहून आत्याबाईंना भरून आलं. त्यांनी पाढा मध्येच थांबवून डोळे पुसले.

सगळ्यांनी हात धरले. आत्याबाईंनी एका हाताने अप्पांचा डावा हात धरला, दुसऱ्याने नणंदेचा. नणंदेने नवऱ्याचा धरला, नवऱ्याने सुनेचा. दिव्याचं बटण सुनेच्या खुर्चीमागे होतं. तिने डावा हात मागे नेऊन बटण दाबलं आणि बोट तिथंच ठेवलं.

काळोख झाला. खिडकीच्या फटीतून वारा शिटी घालत होता. पॅनमधली वाफ गालाला लागत होती, कोणी जवळून श्वास सोडावा तशी.

तेवढ्यात सुनेच्या लक्षात आलं. साखळी पूर्ण नव्हती. एका टोकाला ती होती, दुसऱ्या टोकाला अप्पा, आणि मध्ये रिकामी खुर्ची. तिचा डावा हात बटणावर होता. अप्पांचा उजवा मोकळा होता.

खर्र.

नवऱ्याने तिचा हात असा दाबला की बोटांत बोटं उरली नाहीत.

खर्र. खर्र. मग चावल्याचा आवाज. कुरकुरीत, संथ, चवीचवीने.

"एकोणतीस त्रिक..." आत्याबाईंचा आवाज फुटला. "त्रिक... अगं बाई, त्रिक किती?"

अंधारात सुनेला हसू आवरेना. अप्पा जेवत होते! दोन हिस्से होत आले होते. दवाखाना टळला, नळी टळली. तिने ओठ चावून धरले आणि बटण मुद्दाम आणखी थोडा वेळ दाबलं नाही. खाऊ देत पोटभर. पावाचा शेवटचा तुकडा मोडल्याचा आवाज आला, चमचा लोखंडावर फिरला, आणि मग सगळं शांत झालं. तेव्हा तिने दिवा लावला.

सासूबाईंचा हिस्सा साफ होता. या वेळी गाजरही नव्हतं.

यानंतर बऱ्याच गोष्टी एकदम घडल्या. नणंद किंचाळली. ते ऐकून नवरा किंचाळला. "मी फ्यूज बघून येतो," असं म्हणून तो झोपायच्या खोलीत गेला आणि आतून कडी लावून घेतली. त्या खोलीत फ्यूज नव्हता. नणंद दार वाजवत म्हणाली, "दादा, मला आत घे!" आतून आवाज आला, "आधी सांग, लहानपणी तुझी सायकल कुठल्या रंगाची होती?" तिने रंग सांगितला, तो चुकला, तिने दाराला लाथ मारली. लाथेवरून खात्री पटल्यावर त्याने तिला आत घेतलं. त्यांच्या पाठोपाठ आत्याबाईही वयाला न शोभणाऱ्या वेगाने आत शिरल्या. पुन्हा कडी लागली.

टेबलाशी सून आणि अप्पा दोघेच उरले.

सून आपल्याच जागेवर, रिकाम्या खुर्चीपलीकडे, अप्पांकडे वळून बसली. "अप्पा," ती हळूच म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही."

अप्पा ओशाळले. "दिसलं का तुला?"

"दिसलं नाही, पण कळलं."

"माझ्या हिश्श्यातला घास घशाखाली उतरत नाही गं. काय करू?" अप्पा पॅनकडे बघत म्हणाले. "आयुष्यभर मी तिच्यातलंच चोरून खात आलो. सगळ्या गावाच्या हद्दी मी राखल्या आणि घरात रोज अतिक्रमण. तिला कळायचं. ती मुद्दाम बघायची नाही. आज अंधार झाला, तिचा हिस्सा समोर... हात गेला आपसूक."

"मग रोज खा ना! मी रोज करीन. गाजर नको असेल तर..."

"हां, ते गाजर मलाच आवडत नाही. मुलांसमोर बाप भाजी टाकतो असं दिसायला नको, म्हणून ते तिने स्वतःच्या नावावर घेतलं होतं."

सून हसली. मग तिचं लक्ष पॅनकडे गेलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. "पण अप्पा, दुसऱ्या वेळी तुम्ही गाजरही खाल्लंत."

"दुसऱ्या वेळी कुठे खाल्लं?" अप्पांनी मान हलवली. "दुसऱ्या वेळी मला हात हलवता आला का? तू धरून ठेवला होतास ना. खुर्चीवरून वाकून." त्यांनी उजवा हात चोळला. "आणि काय गं, केवढा गार हात तुझा. भांडी घासताना गरम पाणी घेत जा."

सुनेने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटावर बटणाचा गोल ठसा अजून होता. तिने अप्पांकडे पाहिलं. मग दोघांच्या मधल्या खुर्चीकडे बघावं की नाही यावर तिने बराच विचार केला आणि बघितलं नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "तो... म्हणजे माझा हात... सोडला कधी?"

"दिवा लागायच्या आधी. दाबला जरासा आणि सोडला." अप्पांनी तो हात मांडीवर ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे या घरात फार दिवस कोणी पाहिलं नव्हतं. "मला भूक लागलीय. माझा हिस्सा आहे ना अजून?"

"आहे ना!" सून लगेच उठली. आपण घाबरलोय की आनंदलोय, हे ठरवायला तिला सवड नव्हती.

"गरम कर. तूही जेवली नाहीस. तीन हिस्से कर."

तिसरा कोणाचा, असं तिने विचारलं नाही. पॅन गरम करून आणला, डावाने रेघा मारल्या. घाईत एक रेघ वाकडी आली. अप्पांनी ती पाहिली, एरवी त्यांनी पुन्हा मोजणी मागितली असती, पण त्यांनी नुसता चमचा उचलला. पहिला घास त्यांनी आपल्या हिश्श्यातून घेतला. चावला. गिळला. तो खाली उतरला. सून श्वास रोखून बघत होती. दुसराही उतरला.

तिसऱ्या घासाला अप्पांचा चमचा रेंगाळत रेंगाळत हद्दीजवळ गेला.

मधली खुर्ची किंचित पुढे सरकली.

"नाही गं, नाही," अप्पा गडबडीने चमचा मागे घेत म्हणाले, "माझंच खातोय."